दोन तुकड्यांची पाटी

८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक आहोत. तुझ्या वहिनीची पाठ आता बरी आहे. माईचं जेवणखाण वेळच्या वेळी चालू आहे. तुझ्याकडचीही खुशाली असेलच. थंडी अजून हटायला तयार नाही. सकाळी वर्कशॉपचं शटर उचलताना बोटं लोखंडाला चिकटतात, मग पहिला चहा होईपर्यंत माउस हातात धरवत नाही.

परवा फोनवर तू बराच बोललास. मी फारसा बोललो नाही. तुला माहीत आहे, समोरच्याचा आवाज चढला की माझी जीभ अडते आणि मग घरी येऊन हातपाय धुताना सगळी उत्तरं सुचतात. म्हणून हे पत्र. आपल्या गावच्या शाळेत गुरुजी भांडणाऱ्या पोरांना लिहायला बसवायचे. 'काय झालं ते लिही,' म्हणायचे. लिहिता लिहिता निम्मा राग जायचा. उरलेल्या निम्म्याचं काय करायचं ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

तुझ्या नव्या घराच्या पाटीचं झालं ते वाईट झालं. सासरेबुवांसमोर, फरशीवाल्यासमोर, सुतारासमोर तू खोकं उघडलंस. 'बघा, आमच्या दादाच्या हातचं काम,' म्हणालास, आणि आतून पितळेचे सुटे तुकडे निघाले. म वेगळा, काना वेगळा, ई वेगळी. सुतार म्हणाला, 'साहेब, हे पोरांचं जुळवायचं कोडं आलं वाटतं,' आणि सगळे हसले. हे सांगताना तुझा आवाज कसा झाला होता ते अजून माझ्या कानात आहे.

काय झालं ते तुला समजावून सांगायला नको, कारण हे काम मला तूच शिकवलंस. मी ब्रशवाला माणूस. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात माझी निम्मी उमर गेली. तू माझा हात धरून माउस फिरवलास आणि म्हणालास, 'दादा, आता अक्षर रंगवायचं नाही, त्याची कड काढायची.' आपली अक्षरं वरच्या रेघेने एकमेकांना धरून असतात. संगणकावर मात्र प्रत्येक अक्षर वेगळं काढलेलं असतं, म्हणून एकाची शिरोरेषा पुढच्याच्या शिरोरेषेवर केसभर चढवायची. मग सगळी निवडून वेल्ड करायची. आतल्या रेघा विरघळतात आणि सगळ्यांभोवती एकच कड उरते. वेल्डच्या जागी कंबाइन दाबलं तर अक्षरं नावाला एक होतात, पण जिथे एक दुसऱ्यावर चढलेलं असतं तेवढीच जागा पोकळ होते. मशीन ती जागा कापून काढतं. शिरोरेषा प्रत्येक सांध्यावर तुटते.

तुझ्या पाटीचं तेच झालं. दोन्ही बटणं शेजारी शेजारी आहेत आणि माझा चष्मा नवा आहे. हात चुकला. कापण्याआधी मशीनवाल्याने बघायला हवं होतं, त्याने बघितलं नाही. खोकं बांधलं तेव्हा मी जागेवर नव्हतो. मालकाला सांगितलं. पितळेचा पत्रा वाया गेला म्हणून तो दोन दिवस माझ्याशी नुसता मान हलवून बोलतो आहे.

दुसरी पाटी करून देतो. तू राहायला जायच्या आत मिळेल. फक्त 'सगळं एका तुकड्यात कर, लावायला सोपं' असं तू म्हणालास, ते होणार नाही. 'माईचं' आणि 'घर' हे दोन शब्द आहेत. मधली रेघ जोडली तर वाचणारा अडखळेल. पाटी दोन तुकड्यांचीच होईल. शिवाय वरचं टिंब. ते कशालाच धरून नसतं, त्याला मागून वेगळी खीळ लावून देईन. ते हरवू नकोस.

तू माईला जे सांगायला सांगितलं होतंस ते अजून सांगितलेलं नाही. बघतो.

माई विचारते आहे, तिकडच्या तिच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे? सवडीने कळव.

सौ.स आणि मुलांना आशीर्वाद. माईचे तुम्हा सर्वांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
दादा

१५ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

पत्राला उत्तर म्हणून तुझा मेसेज मिळाला. 'दादा, इतक्या वर्षांत तुझ्या हातून असं कधी झालं नाही. तू मुद्दाम केलंस. तुला माझं घर बघवत नाही.' मी तो जेवायच्या आधी वाचला, हे चुकलं. तुझी वहिनी म्हणाली, 'भाजीत मीठ जास्त झालंय का?' मी म्हटलं, 'नाही.' ती म्हणाली, 'मग तोंड असं का?'

तुझ्या तीन वाक्यांतलं शेवटचं खोटं आहे. त्याचं उत्तर आधी देतो.

तुझं घर गुडघाभर उंच होतं तेव्हापासून मी बघतो आहे. भिंती एवढ्याच वर आल्या होत्या तेव्हा तू आम्हाला न्यायला गाडी घेऊन आलास. विटांच्या ढिगावरून माईला हात धरून आत नेलंस आणि दाराजवळच्या चौकोनात उभं केलंस. 'माई, ही तुझी. जिना नाही, पायरी नाही. उठलीस की थेट बागेत पाय.' तेव्हा बागेत सिमेंटची पोती होती. माईने पावलं टाकून पलंग कुठे बसेल ते मोजलं. मग कोपऱ्यात उभी राहून म्हणाली, 'इथं माझी खुर्ची.' तू हसलास. मीही हसलो. मला त्या दिवशी खरंच आनंद झाला होता. देवाला सांगितलंही होतं, की याच्या हातून हे पुरं होऊ दे.

आता इकडचं ऐक. माईने गॅलरीतल्या तिच्या कुंड्या शेजारणीला देऊन टाकल्या. 'माझ्यामागं तुम्हाला पाणी घालायला कुठं आठवतंय,' म्हणाली. पेपरवाल्याला सांगून ठेवलं आहे की पुढच्या महिन्यापासून मोठ्या अक्षरांचा पेपर टाकू नको, तो वाचणारी चालली. निळी बॅग भरून दाराच्या मागे ठेवली आहे. तुझी वहिनी रोज केर काढताना ती उचलते आणि परत ठेवते. काल माई तिला म्हणाली, 'सुटलीस बाई तू. आता सकाळी कुणी खोकायचं नाही.' वहिनी हसली आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. तेवढी भांडी नव्हती.

बाबा गेल्यापासून माई माझ्याकडे आहे. आमच्या घरात तिला काही कमी आहे असं ती कुणाला म्हणाली नाही, मलाही वाटत नाही. पण ज्या खोलीत ती झोपते तिला तिने आजवर 'ती मधली खोली' म्हटलं. आणि तुझ्या विटांमध्ये एकदाच उभी राहिली, तेव्हापासून 'माझी खोली' म्हणते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. लिहायचं नव्हतंच, लिहून गेलं.

खिडकीचं तू कळवलं नाहीस.

'तू मुद्दाम केलंस' याचं उत्तर आज देत नाही. सकाळी देवापुढे बसलो की पहिला प्रश्न तोच समोर येतो, आणि मी काहीतरी काम आठवल्यासारखा उठतो.

सौ.स आणि मुलांना आशीर्वाद. माईचे सर्वांना आशीर्वाद.

दादा

२७ फेब्रुवारी

बारक्या,

खोकं आणि पत्र एकदमच मिळतील. या वेळी खोकं चारचौघांत उघडू नकोस. आधी हे वाच.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. चष्म्याचं, मशीनवाल्याचं आणि पॅकिंगचं. मशीनवाल्याच्या माथी तर उगाच मारलं. आता खरं लिहितो.

खालच्या खोलीबद्दल तुझा फोन आला तेव्हा तुझीच पाटी माझ्या पडद्यावर होती. फोन कानाशी धरून मी ई चं वळण नीट करत होतो. तू जे बोललास ते तुझ्या लक्षात नसेल, कारण तुला ते साधं वाटत होतं. माझ्या लक्षात आहे.

'दादा, ते माईचं जरा बघ ना.'

'काय बघू?'

'अरे, खालची खोली आता मी ऑफिसला घेतोय. माणसं येणार-जाणार. आणि वर तिला चढवायचं कसं, तिचे गुडघे हे असे.'

'मग?'

'मग काय, ती तिथंच बरी आहे. तिला तुमची सवय झालीय. वहिनीच्या हातचं आवडतं तिला. तू सांग तिला, तुझं ऐकते ती. मी सांगायला गेलो की रडारड होईल.'

मी ई चं वळण आणखी थोडं ओढलं.

'ऐकतोयस ना? आणि पाटी तेवढी वेळेत पाठव हां. पहिल्या दिवशी फोटोत पाटी हवीच. सगळ्यांना सांगितलंय, घराला आईचं नाव देतोय म्हणून.'

फोन ठेवलास. मी सगळी अक्षरं निवडली आणि बटण दाबलं. दाबताना हात चुकला की नाही, हे देवाशपथ मला सांगता येणार नाही. पण त्यानंतरचं सांगता येतं. काळ्या शिरोरेषेत पांढऱ्या चिरा पडल्या, प्रत्येक सांध्यावर एक. त्या मी बघितल्या. नवा चष्मा चांगला आहे, मला सगळं स्वच्छ दिसतं. एका बोटाने ते मागे घेता आलं असतं. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बघत बसलो. 'माईचं घर' ही तीन आठवडे घोटलेली अक्षरं मला त्या वेळी पहिल्यांदा खरी वाटली.

फाईल मशीनवर गेली तशी मशीनवाल्याने हाक मारली. 'ओ दादा, तुमची शिरोरेषा उंदरानं कुरतडली काय?'

'असंच आहे ते.'

'असंच कापू?'

'असंच काप.'

त्याने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. 'घरचं काम दिसतंय,' म्हणाला आणि मशीन चालू केलं.

खोकंही मीच बांधलं. एकेक तुकडा कागदात गुंडाळला, वाटेत चरे पडू नयेत म्हणून. इतकी वर्षं माल नीट बांधून द्यायची सवय, ती त्या दिवशीही सुटली नाही. घरी येऊन त्याच हातांनी देवाला नमस्कार केला. रोज करतो तसाच.

सुताराने हसावं एवढं माझ्या मनात नव्हतं. तुला तुकडे दिसावेत आणि ते बघून तरी काहीतरी कळावं, असं काहीतरी होतं. तुला कळलं ते एवढंच, की दादा जळतो. मालकाची मी माफी मागितली, पत्रा त्याचा होता. तुझीही मागतो. चारचौघांत तुझी मान खाली गेली ती माझ्यामुळे. यापुढचं जे लिहितो आहे ते माफीत धरू नकोस.

पाटी पुन्हा केली. या वेळी वेल्डच केलं, पण आधी पडद्यावर ई रंग धरेना. चार वेळा बाटली ओतल्यासारखा रंग टाकला, आतली जागा पांढरीच. म्हणजे कुठेतरी कड उघडी होती. पडद्यावरचं अक्षर मोठं करत गेलो, आणखी मोठं केलं, तेव्हा शेपटीजवळ दोन टोकं सापडली. अगदी एकमेकांना टेकल्यासारखी, पण जोडलेली नव्हती. तू मला हे शिकवत होतास तेव्हा माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणायचास, 'दादा, शेजारी आहेत म्हणून जोडलेत असं नाही. रंग टाकून बघ, मग कळेल.' लहान भावाकडून टपली खाणारा त्या वर्कशॉपमध्ये मी एकटाच होतो, आणि मला त्याचं काही वाटत नसे. तुझा हात तेव्हा फार चांगला होता.

दोन्ही टोकं निवडली, जोडली. रंग भरला. कापून आल्यावर कडा मी स्वतः घासल्या.

मग 'माईचं' हा तुकडा तेवढा घरी नेला. तिला दाखवावा असं वाटलं. ती खुर्चीत बसली होती. कागद सोडवून तिने शिरोरेषेवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

'कुठंच जोड लागत नाही रे हाताला.'

'नाही लागत.'

'पहिली तुटली म्हणे. सूनबाई सांगत होती.'

'हो. माझ्याकडून.'

'तुझ्याकडून?' तिने मान वर केली. मग फार वेळ माझ्याकडे बघितलं नाही. टिंब तळहातावर घेतलं. 'एवढंसं. हे पडेल.'

'मागून खीळ आहे त्याला.'

'तरी पडेल.' ते तिने रुमालाच्या टोकात बांधलं. 'आणि हे भिंतीवर कधी चढायचं?'

बारक्या, तू सांगितलेलं सांगायची हीच वेळ होती. शब्द तयार होते. तुझेच होते, गुडघ्यांचे, सवयीचे, वहिनीच्या हातच्या जेवणाचे. वहिनी दारात उभी होती, ती तिथून मानेनेच 'नको' म्हणाली. मी म्हणालो, 'बारक्या येईल ना न्यायला.'

'तो येणार आहे?'

'हो.'

'मग मीही त्याच्याबरोबरच जाते. हे वेगळं आणि मी वेगळी कशाला धाडताय.'

असं म्हणून ती उठली, दाराच्या मागची निळी बॅग पुढे ओढली, चेन उघडली आणि पितळेचा तो तुकडा कपड्यांच्या घडीत, अगदी तळाशी घातला. वरून शाल ठेवली. चेन लावली. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, 'राहू दे, माझं मला जमतं.'

तिला काही कळलं आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. खिडकीचं तिने त्यानंतर विचारलेलं नाही.

मी आईशी खोटं बोललो की खरं, हे आता माझ्या हातात नाही. ते तुझ्या येण्यावर आहे. म्हणून या खोक्यात फक्त 'घर' आहे. तेवढं लाव, फोटो काढ, सगळ्यांना दाखव. काम चांगलं झालं आहे, सुताराला हसायला जागा ठेवलेली नाही. मागच्या खिळ्यांसाठी भोकं कुठे पाडायची त्याचा कागदी नमुना सोबत घातला आहे. डाव्या बाजूला पहिल्या शब्दाची जागा मोकळी सोडायला सुताराला सांग. भिंतीवर ती मोकळी दिसेल, त्याला माझा इलाज नाही.

पहिला शब्द हवा असेल तर ये. तो बॅगेच्या तळाशी आहे, आणि बॅग माईशिवाय कुणी उघडायची नाही. तुला तिच्यासमोर बसून सांगावं लागेल, 'माई, बॅग उघड, तो तुकडा दे, तू इथंच राहा.' एवढं तोंडाने म्हणता आलं तर शब्द घेऊन जा. मी अडवणार नाही, मध्ये बोलणारही नाही. मी शेजारच्या खोलीत देवापुढे बसेन. आणि म्हणता आलं नाही, तर बॅग फार जड नाही, गाडीत सहज मावेल.

सौ.स आणि मुलांना आशीर्वाद.

माईचे आशीर्वाद या वेळी लिहीत नाही. ते तिच्याकडून घे.

दादा